टेप, खुर्ची आणि पंचवीस हजार

वाईहून मामाचा फोन आला. नमनाला घडाभर तेल घालायची त्याला सवय नाही. "टीव्ही गेला. आवाज येतो, चित्र नाही. नवा घ्यायचाय. पंचवीस हजार, त्याच्या वर एक रुपया नाही. कुठला घेऊ सांग."

कंपनीचं नाव लिहून घ्यायला तो पेन हातात धरूनच बसला असणार. मी म्हटलं, "मामा, आधी खोलीत अंधार कर. टीव्ही चालू ठेव आणि मोबाइलच्या टॉर्चचा झोत पडद्याजवळ तिरका धरून बघ. काही हलताना दिसतंय का?"

दोन मिनिटं शांतता. मग मामा जवळजवळ ओरडलाच, "अरे, बातम्यांवाली बाई दिसतेय! भुतासारखी!"

नवा टीव्ही निवडायच्या आधी या भुतापाशी थोडं थांबायला हवं, कारण आजच्या टीव्हीची सगळी रचना त्यात दिसते. आपण ज्याला 'एलईडी टीव्ही' म्हणतो त्यातलं चित्र एलईडी काढतच नाहीत. मागच्या पत्र्यावर एलईडीच्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात आणि त्यांचं काम फक्त उजेड देणं. त्यांच्यापुढे दुधी रंगाची शीट असते, उजेड सगळीकडे सारखा पसरावा म्हणून. आणि तिच्यापुढे असतं पॅनल. काचेच्या दोन पातळ तावांमध्ये द्रवस्फटिकांचा थर, आणि त्यात लाखो चिमुकल्या झडपा. प्रत्येक ठिपक्याला तीन झडपा, लाल, हिरवी आणि निळी. विजेचा दाब बदलला की स्फटिक वळतात, झडप कमी-जास्त उघडते आणि मागचा उजेड तेवढाच पुढे येतो. मामाच्या टीव्हीत झडपा इमानेइतबारे बातम्या दाखवत होत्या, मागचे दिवे तेवढे गेले होते. पट्टीवरचे दिवे माळेसारखे एकामागे एक जोडलेले असतात. एक गेला की सगळी माळ विझते, हे दिवाळीत आपण पाहिलेलंच आहे.

म्हणजे मामाचा अकरा वर्षांचा टीव्ही मेलेला नव्हता. गावातल्या मेकॅनिकने पट्ट्या बदलायचे दीड हजार सांगितले आणि तो टीव्ही आता आतल्या खोलीत चालतो. पडद्यावर उभी रेघ आली असती किंवा काच तडकली असती, तर मात्र दुरुस्तीच्या नादी लागू नको म्हणालो असतो. एकट्या पॅनलची किंमत कित्येकदा नव्या टीव्हीच्या जवळपास जाते.

बेताच्या बजेटमध्ये पैसे कुठे घालायचे हेही इथेच कळतं. टीव्हीच्या किमतीचा सर्वांत मोठा वाटा पॅनलचा असतो आणि नंतर बदलता येत नाही ते पॅनलच. आवाज नंतर वाढवता येतो, 'स्मार्ट'पणा काडीसारखं यंत्र मागे खोचून नंतर आणता येतो, चॅनेलं तर बाहेरूनच येतात. तेव्हा पंचवीस हजार पॅनलवर आणि ते बिघडलं तर दारात येणाऱ्या माणसावर खर्च करायचे. खोक्यावरच्या बाकी शब्दांचे पैसे मोजायचे नाहीत.

"टेप आहे का घरात?" मी मामाला विचारलं. भिंतीची लांबी त्याने लगेच सांगितली. टीव्ही घेताना सगळे भिंतच मोजतात. मोजायचं असतं ते खुर्चीपासून पडद्यापर्यंतचं अंतर. मामाच्या सोफ्यापासून भिंत बरोबर आठ फूट, म्हणजे ९६ इंच.

इंचांबद्दल आधी एक गोष्ट. टीव्हीचे इंच हे कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे, तिरके. त्यामुळे आकड्यातला फरक डोळ्याला फसवतो. ३२ इंची पडदा साधारण २८ इंच रुंद आणि पावणेसोळा इंच उंच असतो, ४३ इंची साडेसदतीस इंच रुंद आणि २१ इंच उंच. आकडा अकरानेच वाढला, पण क्षेत्रफळ ऐंशी टक्क्यांनी वाढलं. ५५ इंची जवळजवळ चार फूट रुंद. वर्तमानपत्राची पानं चिकटवून तेवढा कागद भिंतीवर लावून दोन दिवस बघा, असं मी सगळ्यांना सांगतो. सगळे हसतात. दोघांनी करून पाहिलं आणि दोघांनीही आकार बदलला.

आता अंतर. सिनेमा पाहताना पडदा डोळ्यांपुढचा साधारण तीस अंशांचा पट्टा व्यापत असेल तर पाहण्यात गुंगून जायला होतं. हिशेब सोपा करायचा तर अंतराच्या इंचांना १.६ ने भागायचं. ९६ भागिले १.६ म्हणजे ६०. या हिशेबाने मामाला साठ इंची टीव्ही लागेल, आणि दुकानदार आनंदाने हेच सांगेल. पण हा हिशेब चांगल्या चित्राचा आहे. मामाच्या घरी चित्र कुठून येतं?

"तुमचा सेट-टॉप बॉक्स कुठला आहे? त्यावर एचडी लिहिलंय का?" नव्हतं. जुना, साधा बॉक्स. मामीच्या मालिका, मामाच्या बातम्या, सगळं त्यातूनच. या साध्या म्हणजे एसडी चित्रात ७२० आडवे आणि ५७६ उभे, असे फार तर ४,१४,७२० ठिपके असतात. ज्याला 'फोर के' म्हणतात त्या पडद्यावर ३,८४० गुणिले २,१६०, म्हणजे ८२,९४,४०० ठिपके. भागाकार करून बघा, बरोबर वीस येतो. म्हणजे येणाऱ्या एकेका ठिपक्याच्या जिवावर टीव्हीला वीस ठिपके रंगवायचे असतात. एकोणीस ठिपके तो अंदाजाने भरतो. पडदा जितका मोठा, तितका हा अंदाज उघडा पडतो. नवा मोठा टीव्ही आणल्यावर "जुन्यावरच बरं दिसत होतं" अशी कुरकुर घराघरांतून ऐकू येते. तिचं कारण हे असतं आणि बोल मात्र टीव्हीला लागतो.

त्यामुळे रोजचं पाहणं एसडी असेल तर मी अंतराला १.६ ऐवजी दोन ते अडीचने भागतो. हा माझा ठोकताळा आहे, नियम नव्हे. ९६ ला दोनने भागलं की ४८, अडीचने भागलं की ३८. मध्ये ४३ इंची बसतो. मामाचा आकार ठरला, तोही कुठल्याच दुकानात पाऊल न टाकता.

ठिपक्यांचं बोलतोच आहोत तर तेही उरकू. बाजारात तीन पायऱ्या आहेत. 'एचडी रेडी' म्हणजे १,३६६ गुणिले ७६८, साधारण साडेदहा लाख ठिपके. 'फुल एचडी' म्हणजे १,९२० गुणिले १,०८०, जवळजवळ २१ लाख. आणि मग फोर के. सामान्य नजरेला एका अंशाच्या साठाव्या भागाहून बारीक गोष्ट वेगळी ओळखता येत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांचा तक्ता याच हिशेबावर बेतलेला असतो. ४३ इंची फुल एचडी पडद्याचे ठिपके साडेपाच फुटांच्या थोडं पुढे गेलं की एकमेकांत मिसळतात. आठ फुटांवर बसलेल्या मामाला फुल एचडी आणि फोर के यांतला ठिपक्यांचा फरक दिसणारच नाही. मग फोर के का घ्यायचा? तर ४३ इंचांत आता फोर के आणि फुल एचडी यांच्या किमतींत फारसं अंतर राहिलेलं नाही आणि कंपन्या बऱ्यापैकी पॅनल आणि चिप फोर के टीव्हीतच घालतात म्हणून. फोर के मिळाला तर घ्यावा, त्याच्यासाठी जास्तीचे चार हजार मोजू नयेत. ३२ इंचांत मात्र एचडी रेडी आणि फुल एचडी यांतून निवडायची वेळ आली, आणि अंतर सहा फुटांहून कमी असेल, तर फुल एचडीच घ्यावा. एचडी रेडीचे ठिपके साधारण पावणेसहा फुटांपर्यंत जाणवतात.

आता खोक्यावरच्या मोठ्या अक्षरांकडे वळू.

'क्यूएलईडी' हा शब्द सध्या सगळ्यांत जोरात आहे. मागचे दिवे निळे असतात आणि त्यांच्यापुढे अतिसूक्ष्म स्फटिकांची एक फिल्म, असा हा प्रकार. या स्फटिकांची गंमत अशी की त्यांचा रंग त्यांच्या आकारावर ठरतो. मोठा कण लाल उजेड देतो, छोटा हिरवा. या क्वांटम डॉटच्या शोधासाठी २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा प्रकार खोटा नाही. फिल्म खरोखर चांगली असेल तर लाल-हिरवे रंग जास्त शुद्ध दिसतात. पण झडपा त्याच, मागचे दिवेही तेवढेच. काळं जास्त काळं होत नाही आणि स्वस्तातल्या क्यूएलईडीचा उजेडही फारसा वाढत नाही. एका अक्षराने वेगळा असलेला 'ओएलईडी' हा मात्र सर्वस्वी वेगळा प्राणी. त्यात मागे दिवेच नसतात, प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो. तो मामाच्या बजेटच्या पार पलीकडे आहे. पण काउंटरवर ही दोन नावं इतक्या पटकन उच्चारली जातात की माणूस एक समजून दुसरा घेऊन येतो.

'एचडीआर'चं प्रकरण याहून मजेदार आहे. उजेड मोजायचं माप आहे निट. बजेटमधले बहुतेक टीव्ही अडीचशे-तीनशे निटपर्यंत जातात. एचडीआर सिनेमे मात्र बहुधा हजार निटच्या पडद्यावर पाहून सजवलेले असतात. खोक्यावर एचडीआर लिहिलेलं असतं याचा अर्थ इतकाच, की हा टीव्ही तो संकेत ओळखतो. दाखवता येणं ही पुढची गोष्ट. हजार निटचं चित्र तीनशेत कोंबताना काही टीव्हींवर ते उलट काळपट दिसतं. म्हणजे मैफलीचं निमंत्रण आलंय, पण बसायला सतरंजी नाही. या बजेटात एचडीआरच्या नावाखाली एक रुपयाही जास्त देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि 'हर्ट्झ'. पडदा सेकंदाला किती वेळा नवं चित्र मांडतो तो आकडा. या किमतीतले पॅनल साधारण साठ हर्ट्झचे असतात. खोक्यावर 'मोशन'सारखा काही शब्द जोडून मोठा आकडा दिसला तर तो बहुतेक वेळा सॉफ्टवेअरची करामत असतो, पॅनलचा वेग नसतो. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा आणि आपलं टीव्ही प्रसारण २५ चित्रांचं, त्यामुळे मालिका-बातम्यांना साठ भरपूर झाले. खेळवेडा नातू गेमचं यंत्र लावणार असेल तर गोष्ट वेगळी, पण मग पंचवीस हजारांचीही गोष्ट राहत नाही.

खोक्यावर जे बहुधा लिहिलेलंच नसतं, ते मात्र सर्वांत महत्त्वाचं. पॅनल कुठल्या जातीचं आहे? ढोबळमानाने दोन जाती. 'व्हीए' पॅनलच्या झडपा घट्ट मिटतात, त्यामुळे काळा रंग खरोखर काळा वाटतो. तिथे सर्वांत उजळ आणि सर्वांत गडद यांचं प्रमाण तीन-चार हजारास एक असतं. पण बाजूला सरकलात की रंग फिके पडतात. 'आयपीएस' पॅनल बाजूनेही तसंच दिसतं, पण झडपांतून उजेड झिरपतो. प्रमाण हजारास एकच्या आसपास, आणि अंधाऱ्या खोलीत रात्रीचं आकाश राखाडी दिसतं. जाणकार सहसा व्हीए घ्यायला सांगतात. अंधारात सिनेमे पाहणाऱ्यासाठी ते बरोबरच आहे.

मामाकडे मात्र वेगळं चित्र आहे. त्याच्या घरी टीव्हीसमोर सर्वांत जास्त वेळ मामी असते, आणि ती समोर बसतच नाही. स्वयंपाकघराच्या दारात, विळीपुढे, पडद्याला चांगलीच तिरकी. भाजी चिरता चिरता मालिका चालते. शिवाय हॉलला मोठी खिडकी, दिवसभर लख्ख उजेड. उजेडात काळ्या रंगाचा गडदपणा तसाही दिसत नाही. तेव्हा मी मामाला आयपीएस शोधायला सांगितलं. ओळखायचं कसं? दुकानात पडद्याच्या बाजूला, जवळजवळ भिंतीला चिकटून उभं राहायचं आणि माणसाच्या चेहऱ्याचा रंग पाहायचा. पांढुरका पडला तर व्हीए. एकाच मॉडेलच्या नावाखाली कंपनी कधी एक पॅनल घालते, कधी दुसरं. म्हणून इंटरनेटवर वाचलेल्यापेक्षा उभं राहून पाहिलेलं खरं. भारतात जुळवणी होणाऱ्या टीव्हींत पॅनल बहुतकरून परदेशातून, त्यातही मोठ्या प्रमाणावर चीनमधून येतं. दोन वेगळ्या नावांच्या पोटात एकाच कारखान्याचं पॅनल निघू शकतं, त्यामुळे नुसत्या नावावर भाळण्यात फारसा अर्थ नाही.

दुकानात टीव्ही पाहणं ही स्वतंत्र विद्या आहे. तिथल्या भिंतीवरचे सगळे टीव्ही 'स्टोअर' मोडवर असतात. उजेड पूर्ण, रंग भडक, आणि चित्रं कुठली? पोपट, फुलं, समुद्राखालचे मासे. पोपट कुठल्याही टीव्हीवर छान दिसतो. मामाला मी पेन ड्राइव्हवर तीन गोष्टी भरून दिल्या. साध्या चॅनेलवरच्या बातम्यांचा तुकडा, क्रिकेटची दोन षटकं, आणि एक अंधारा प्रसंग. दुकानदाराला म्हणायचं, "चित्राचा मोड 'स्टँडर्ड' करा आणि हे लावा." नाही म्हणाला तर शेजारचं दुकान. क्रिकेटमध्ये हिरव्या मैदानावरून कॅमेरा सरकताना डागाळलेले पट्टे दिसतात का ते बघायचं. मागचे दिवे सारखे बसले नसतील तर ते तिथेच कळतं. अंधाऱ्या प्रसंगात कोपरे उजळलेले आहेत का ते बघायचं. बातम्यांत खालची सरकती पट्टी वाचता येते का, एवढंच.

'स्मार्ट'चं थोडक्यात. यात फसवणूक होते ती 'अँड्रॉइड' या शब्दात. गूगलची मान्यता असलेला टीव्ही वेगळा आणि मोफत मिळणारं अँड्रॉइड कसंबसं बसवलेला वेगळा. दुसऱ्या प्रकारात काही मोठी ओटीटी ॲप चालतच नाहीत, किंवा मोबाइलची आवृत्ती चालते आणि चित्र धुरकट येतं. दुकानातच ॲपचं दालन उघडून दाखवायला सांगावं आणि आपल्याला हवी ती ॲप त्यात आहेत का पाहावं. रॅम दोन जीबी असली तर बरं, एक जीबीवाला टीव्ही वर्षभरात रिमोटचं बटण दाबल्यावर विचार करत बसतो. पण हा दोष पोटात घालण्यासारखा आहे. टीव्हीचा मेंदू सुस्त झाला तर चार-पाच हजारांची स्टिक मागे लावून नवा मेंदू बसवता येतो. आणि फोर के सिनेमा ओटीटीवर पाहायचा तर टीव्हीखेरीज महागडी योजना आणि साधारण १५ एमबीपीएसचं स्थिर इंटरनेटही लागतं, हे कुणी सांगत नाही.

आवाजाबद्दल एवढंच, की पातळ टीव्हीत स्पीकरला जागाच नसते आणि ते बहुधा जमिनीकडे तोंड करून असतात. 'डॉल्बी' लिहिल्याने जागा वाढत नाही. संवाद ऐकू येत नाहीत अशी तक्रार झालीच तर पुढच्या वर्षी छोटा साउंडबार घ्या. त्यासाठी मागे एचडीएमआयचं 'एआरसी' लिहिलेलं एक भोक आहे ना, तेवढं आज पाहा. एचडीएमआयची तीन भोकं असावीत, एक बॉक्सला, एक स्टिकला, एक साउंडबारला. मामाकडच्यासारखा जुना बॉक्स पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरींचा असेल तर तसं तोंड टीव्हीला आहे का, की वेगळी बारकी पिन लागते, हेही विचारा. आणि खरं सांगायचं तर बॉक्सच एचडी करून घ्या. चित्रात जेवढा फरक त्याने पडेल तेवढा पाच हजारांनी महाग टीव्ही घेऊन पडत नाही. मामाच्या बजेटात मी बॉक्सचे पैसे आधी बाजूला काढायला लावले.

आता पैशांकडे. ३२ इंचांपर्यंतच्या टीव्हीवर आधीपासून १८ टक्के जीएसटी होता, त्याहून मोठ्यावर २८. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या टीव्हींवरही १८ टक्केच लागतो. मूळ किंमत वीस हजार धरली तर पूर्वी २५,६०० होत होते, आता २३,६००. मामाचा ४३ इंची पंचवीस हजारांत बसू लागला त्यात या दोन हजारांचा हात आहे. पाडवा, दसरा, धनत्रयोदशी यांच्या आसपास सवलती येतात हे खरं. पण ऑनलाइन सेलमधल्या मॉडेलचा क्रमांक दुकानातल्यापेक्षा अनेकदा एखाद्या अक्षराने वेगळा असतो. त्यामुळे भावाची तुलना करायला गेलं की दोघंही म्हणतात, तो वेगळा, हा वेगळा. 'नो कॉस्ट ईएमआय'मध्ये व्याजाएवढी सूट आधी देतात, पण त्या व्याजावरचा जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क बहुधा आपल्या माथी येतं. शिवाय रोख घेणाऱ्याला मिळणारी सूट जाते ती वेगळीच. रोखीचा भाव आधी विचारावा, हप्त्यांचा शब्द नंतर काढावा.

पंचवीस हजारांच्या टीव्हीत खरा फरक पडतो तो विक्रीनंतर, आणि इथे मी मामाला चांगलंच कामाला लावलं. आवडलेल्या दोन मॉडेलांच्या कंपन्यांच्या सेवाकेंद्रांना, खरेदीच्या आधी, फोन करायचा. "वाईला माणूस कुठून येतो? साताऱ्याहून की पुण्याहून? किती दिवसांनी? पॅनलची वॉरंटी किती?" सर्वसाधारण वॉरंटी वर्षाची असते, काही कंपन्या पॅनलवर आणखी एक वर्ष देतात. एका ठिकाणी मामाचा फोन पंधरा मिनिटं गाण्यावर राहिला आणि मग कटला. ते नाव त्याने स्वतःच खोडलं. त्याच्या मेकॅनिकलाही विचारायला सांगितलं, की कुणाचे सुटे भाग साताऱ्यात मिळतात. नावं मोठी असतात आणि पुसलीही जातात. आपल्या तेव्हाच्या औरंगाबादचं व्हिडिओकॉन एके काळी घराघरांत होतं, २०१८ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. काही जुनी परदेशी नावं तर भारतात भाड्याने घेऊन भलतीच कंपनी चालवते. तेव्हा नावाच्या मागे आज कोण उभं आहे, एवढं पाहावं.

टीव्हीच्या पाठीवर भारतीय मानक ब्युरोची खूण आणि 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असायला हवा. 'बीआयएस केअर' या ॲपवर तो टाकून तपासता येतो. समोर ऊर्जाबचतीच्या ताऱ्यांचं लेबल असतं, त्यावर वर्षाची युनिटं लिहिलेली असतात. ८० वॅटचा टीव्ही रोज पाच तास चालला तर वर्षाला १४६ युनिट होतात. दोन मॉडेलांतला फरक महिन्याला एका वडापावाच्या आतबाहेर राहतो, त्यामुळे ताऱ्यांसाठी मी फार भांडत नाही. स्टॅबिलायझरही विकायचा प्रयत्न होतो. आजच्या टीव्हींचा वीजपुरवठा बहुतेक वेळा १०० ते २४० व्होल्टपर्यंत स्वतःला सांभाळून घेतो, पाठीवर तसं छापलेलं असतं. खरी भीती विजेच्या झटक्याची. चांगला स्पाइक गार्ड लावावा, आणि वळवाच्या पावसात गडगडायला लागलं की टीव्हीचा प्लग आणि छतावरच्या डिशची वायर दोन्ही काढून ठेवावं. वायर कुणी काढत नाही आणि वीज तिथूनही घरात येते.

टीव्ही घरी आला की खोकं उघडताना मोबाइलवर चित्रण करायचं, आणि माणूस निघून जायच्या आत पडदा पूर्ण पांढरा व पूर्ण काळा करून बघायचा. तडा नंतर सापडला तर तो कुणाचा, यावर वाद होतो आणि वॉरंटीत फुटलेली काच बसत नाही. बिलावर मॉडेल आणि सीरियल क्रमांक लिहून घ्यायचे. काही अडलंच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही.

भिंतीवर बसवणाऱ्याशी मामाचं थोडं वाजलं. तो नेहमीप्रमाणे दाराच्या चौकटीच्या वर भोकं पाडायला निघाला होता. देव्हाऱ्यासारखा उंच टीव्ही टांगायची आपल्याकडे पद्धतच पडली आहे, मग मान अवघडते. पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत, जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांवर हवा. आणि पावसाळ्यात ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर तर नकोच. मामाने टेप काढली. ती आता खिशातच असते.

शेवटी सेटिंग. फोनवरून मी एकेक सांगत गेलो. घराचा मोड निवड, चित्राचा मोड 'मूव्ही' किंवा 'सिनेमा' कर. मागचा उजेड पूर्ण आहे तो साठ-सत्तरवर आण, डोळ्यांनाही बरं आणि दिव्यांनाही, ते जास्त टिकतात. 'शार्पनेस' जवळजवळ शून्यावर आण, तो स्पष्टपणा वाढवत नाही, कडांना पांढरी किनार काढतो. चित्र गुळगुळीत करणारं जे काही असेल ते बंद. पहिल्या दिवशी पिवळट वाटेल, चार दिवस तसंच ठेव.

"पिवळट नाही, पहिल्यांदा माणसाच्या रंगाची माणसं दिसतायत," मामा म्हणाला. टीव्ही २२,८०० ला पडला, उरलेल्या पैशांत एचडी बॉक्स आला. मग मागून मामीचा आवाज आला. "त्याला विचार, या रिमोटवर आकडे कुठायत? मी माझं चॅनेल लावू कशी?"

आकडे नव्हतेच. एवढं सगळं पाहिलं आणि रिमोट हातात घेऊन पाहायचा राहिला. आता टेबलावर दोन रिमोट असतात. आकड्यांचा बॉक्सचा आहे, त्याला मामीने भाजीच्या जुडीचं लाल रबर गुंडाळून ठेवलंय.